जावयापुढचं भरलं ताट

मी मूळची बीबी गावची. बाप माळी, वावरात वांगे, मिरच्या, मेथी, जे निंगे ते आमच्या चुलीवर शिजे, आन तेल म्हणाल तं माय फोडणीले पळीभर टाके, तेबी पळी झटकून, आन त्याले कोणी गरिबी म्हणे नाई, तेच जेवण होतं. मंग मले मेहकरात देल्लं. आन काय सांगू तुमाले ताई, नव्या नवरीच्या ताटात त्याईनं जे वाढलं ते पाहून मले ओकारीच आली. पाटोडीचा, बेसनाच्या वड्याईचा, रस्सा होता म्हणे, पण पाटोडी दिसन तं शप्पथ, वर नुसतं लाल तेल, दिवा लावला असता तं पेटला असता. सासू म्हणे खाय वो, लाजू नको, आपल्या घरची तर्री हाय.

तर्री म्हंजे रश्श्यावर जे तिखट तेल तरंगते ते. आमच्या वऱ्हाडात पाव्हण्याचा मान त्या तर्रीनंच मोजतात. मोठा पाव्हणा, मोठी तर्री. पाव्हणा घरी जाऊन दोन दिस पोट धरून बसला तरी चालते, पण म्हणला पायजे का तेलाले कमी नाई केली.

माह्या मालकाचे मोठे भाऊ, आमी भासरे म्हणतो, त्याईचं बसस्टँडसमोर हॉटेल होतं. त्या हॉटेलची कढई मी किती वर्सं घासली. भज्याचं तेल कधी फेकाचंच नाई, कमी झालं का वरून नवं ओताचं. खाली काळा चिखल बसे, गोंदावाणी चिकट, मांजर सुदिक तोंड लावे नाई, आन लोक एसटीतून उतरून मिटक्या मारत खात. तो वास माह्या केसात बसे, शिकेकाईनं न्हायली तरी निंगे नाई. आता तुमच्यापाशी बसून सांगून राह्यली तरी अंगावर काटा येते, थू!

म्हून मी माह्या चुलीवर माह्याच हातचं करत होती. तुरीची दाळ भिजवाची, पाट्यावर जाडीभरडी वाटाची, लसण, मिरची, सांबार म्हंजे कोथिंबीर घालून मुटके करून वाफवाचे, झाले फुनके, आन सोबत ताकाची कढी. लोक कणकेची बट्टी वाफवून मंग तुपात तळतात, मी गोवरीच्या इस्तवात भाजत होती, वरून बोटभर तूप चोपडलं का झालं. पाटोडीच्या रश्श्याले कांदा, खोबरं, तीळ कोरडं भाजलं का तेल लागतेच कोठी? मालक मुकाट्यानं खात, दुसऱ्यांदा मागत. भासरे म्हणत, ही माळीण दवाखान्याचं जेवण रांधते. रांधते तं रांधते.

आपलं मराठी राज्य झालं तवा माही विमल पाळण्यात होती. तिले मंग जळगाव जामोदले देल्ली. पोरगा चांगला, हुशार, पण लाजरा, कोणी ताटात काई टाकलं का नाई म्हणता येत नाई. लग्नाले वर्स नाई झालं तं त्याले कावीळ झाली. मरणाच्या दारातून आला जी. डॉक्टरनं बजावलं, आता तेलतूप तोंडाले लावू नका, पुन्हा उलटली तं माह्याकडं आणू नका. आन त्यातच धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाले घरी बोलवून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, नाई बोलावलं तं बेअब्रू. विमल आली तशी माह्या कानात म्हणे, माय, त्याईले तेल देऊ नको वं, माह्या सासूले सांगू सांगू मी थकली.

मी म्हणलं, तू काळजी करू नको. धोंडे लोक तळतात, मी उकडले. फुनके केले, कढी केली, बट्टी भाजली, रश्श्याले नावाले तेल. पंगत बसली. मधी जावई, बाजूले व्याही, विहीणबाई. आन भासऱ्याईनं जावयाचं ताट पाह्यलं. म्हणे हे काय, जावयाले पाणी वाढून राह्यली का? आन हॉटेलातून तर्रीचा गंज, भलं मोठं पातेलं, मागवला, सोता उभं राहून पळ्यावर पळ्या ओतल्या, फुनक्यावर, बट्टीवर, गोडावर सुदिक! उकडलेल्या धोंड्यावर लाल तेल! ताटाच्या काठापोतर आलं. आन हसून म्हणे, जावईबापू, आमच्या घरी तेलाचा दुकाळ नाई.

पोराच्या डोळ्यात अजून हळद होती ताई. त्यानं विमलकडं पाह्यलं, मान खाली घातली, आन घास मोडाले हात घातला.

 मी गेली आन ते ताट उचललं. भरल्या ताटावरून आमच्यात वैऱ्यालेबी उठवत नाईत, आन मी जावयापुढचं ताट उचललं, मोरीत नेऊन पालथं केलं. दुसरं ताट वाढून आणलं, पण तवापोतर व्याही हात धुऊन उभे. विहीणबाई म्हणे, असा अपमान आमचा कुत्र्यानंबी नाई केला. भासरे म्हणे, घराण्याचं नाव बुडवलं. मी म्हणलं, नाव बुडू द्या, जावई बुडला नाई पायजे. विमल रडत रडत एसटीत बसली.

मंग लेकीचं माहेरी येणं बंद झालं. दिवाळी गेली, आखाजी गेली, मी वाटेकडं पाहू पाहू थकली. गावात बाया म्हणत, तीच का जावयापुढचं ताट उचलणारी. जावई बरा झाला एवढं लोकाईकडून कळे. भासऱ्याचं हॉटेल तसंच सुरू, तेच तेल, तोच वास, मले तं त्या रस्त्यानं जाववत नाई.

आता औंदा विमलच्या नणंदेचं लगन निघालं, आन मले बोलावणं आलं. गेली. पंगतीत बसली तं विहीणबाई सोता आली, गंज घेऊन, आन माह्या ताटात तर्री ओतू लागली, ओतू लागली. म्हणे, विहीणबाई, आज पोटभर मान घ्या. सारी पंगत माह्याकडं पाहे. खावं तं हे तेल गिळवत नाई, उठावं तं लेक पुन्हा बंद. मी डोळे मिटले आन बट्टी मोडली.

तं कोणाचा हात आला. पाह्यते तं विमल. तिनं माह्यापुढचं भरलं ताट उचललं, साऱ्या पंगतीदेखत, सासूदेखत, आन दुसरं ठेवलं. फुनके, भाजलेली बट्टी. कढी वाढाले जावई मांगं उभाच होता. म्हणे, मामी, आमच्या घरी आता असंच शिजते. विहीणबाई गंज घेऊन पुढं गेली.

एवढा मान मले जिंदगीत कोणी देल्ला नाई ताई. मी पदरानं डोळे पुसले आन जेवली. माह्या लेकीचं कुंकू राहो, तिचं ताट भरलेलं राहो, आन त्याच्यावर तेल पळीभरच राहो.