अंतऱ्याची दुसरी ओळ

अध्यक्षस्थानी बसलेल्या आमच्या मुख्याध्यापिका विमलताई, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आणि आमचे संगीत शिक्षक विष्णुपंत गुरुजी, चारठाण्याहून मुद्दाम आलेल्या कमलबाई, माझे सहकारी आणि जागा नाही म्हणून मागे उभ्या असलेल्या विद्यार्थी मित्रांनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी रंगनाथ, गणिताचा शिक्षक. गुरुजींच्या साथीला तबला वाजवतो, म्हणून निरोपाचं बोलणं माझ्याकडे आलं. एरवी तबलजीला बोलू कोण देतं? तेव्हा आज मी लवकर खाली बसेन अशी आशा ठेवू नका.

गुरुजींचे गुण आधीच्या वक्त्यांनी सांगितले. मी एक अवगुण सांगतो. हा माणूस कानाला ऐकू आलं तेवढंच लिहितो. पदरचा एक स्वर घालायचा नाही. आम्ही हिशेबातसुद्धा इतके काटेकोर नसतो.

उन्हाळ्यात त्यांच्या हाती एक जुनी कॅसेट लागली. चारठाण्याचे दिवंगत दिनकरराव, म्हणजे कमलबाईंचे यजमान, त्यांच्या गाण्याची. दिनकरराव देवळाच्या उत्सवात गायचे. तालुक्याबाहेर त्यांना कोण ओळखणार? पण कॅसेटवर बिलावल रागाच्या एका आडवाटेच्या प्रकारातली बंदिश होती. कुठे छापलेली नाही, दुसऱ्या कुणाच्या गळ्यात नाही. गुरुजींनी ठरवलं, ही ऐकून लिहून काढायची आणि निवृत्तीनंतरच्या पहिल्याच रविवारी त्याच देवळाच्या आवारात आपल्या शाळेतल्या श्रद्धाकडून गाऊन घ्यायची. तो रविवार आता चार दिवसांवर आला आहे.

ऐकून लिहिणं म्हणजे काय, हे मी गुरुजींच्या घरी शेजारी बसून पाहिलं. टेप घसरलेली. स्वर पेटीच्या काळी एकच्या किंचित खाली, त्यामुळे पेटी जुळेना. गुरुजींनी पेटी सरकवली आणि तंबोरा टेपशी मिळवून घेतला. एकेक जागा मागे नेऊन पुन्हा ऐकायची. फीत अडकली की पेन्सिल घालून फिरवायची, आणि त्याच पेन्सिलीनं लिहायचं. वहिनींचा चहा रोज गार व्हायचा.

सगळं उतरलं, पण एके ठिकाणी गाडी अडली. अंतऱ्याची पहिली ओळ झाल्यावर कॅसेटवर एक अख्खं आवर्तन, म्हणजे तालाचा एक पुरा फेरा, आवाजच नाही. नुसता ठेका. मग दिनकरराव थेट मुखडा घेतात. मी म्हटलं, "गुरुजी, पुरे झालं. एक ओळ तुम्हीच रचा." तर म्हणाले, "जे गायलंच नाही, ते मी कसं लिहू?" त्यांनी त्या मात्रा रिकाम्या सोडल्या आणि मुलांना सांगितलं, ही त्या परंपरेतली मौनाची जागा. मीही मान डोलावली. का नाही डोलावणार? सबंध बंदिशीत माझा तबला एकट्यानं ऐकू येणारी तेवढीच जागा होती!

गेल्या आठवड्यात कमलबाईंना तालीम ऐकायला बोलावलं. श्रद्धा त्या जागेवर आली, थांबली. मी अगदी रंगात येऊन वाजवत होतो. पाहतो तर कमलबाईंनी तोंडाला पदर लावलेला.

पुढचं सांगण्याआधी मी मघाशी दारात त्यांची परवानगी घेतली आहे. त्या म्हणाल्या, "सांगा की. माणसाला कळू द्या."

त्या दिवशी त्या म्हणाल्या, "गुरुजी, ते मौन-बिन काई न्हाई. दुसरी ओळ माझी होती. घरी मी रोज म्हणायची, म्हणून त्यांनी उत्सवात मला मागं बसवलं. ओळ आली तसा माझ्याकडं हात केला. समोर सासरे, सगळा गाव. मी तोंड उघडलं, पण आवाजच फुटला न्हाई. एक आवर्तन त्यांनी वाट बघितली अन् पुढं गेले. रागावले न्हाईत. पण पुन्हा कधी हात बी केला न्हाई."

गुरुजींनी विचारलं, "ओळ आठवते?"

"न आठवायला काय झालं?"

मी घाईघाईनं पेन्सिल पुढे केली. एवढ्या महिन्यांची अडलेली ओळ, श्रद्धाला दोन दिवसांत बसली असती. आणि आयुष्यभर ऐकलेला प्रत्येक स्वर लिहून घेणाऱ्या या माणसानं ती पेन्सिल बाजूला ठेवली. म्हणाले, "नको. ती ओळ मी लिहिणार नाही. कमलबाई, रविवारी तुम्ही श्रद्धाच्या मागे बसा. ती हात करील." मित्रहो, गुरुजींबरोबर इतकी वर्षं काढली, पण त्यांच्याविषयी इतका आदर मला कधी वाटला नव्हता. हे त्यांच्या तोंडावर सांगायचं राहू नये, म्हणून आज सांगतो.

कमलबाई तेव्हा हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. आत्ताही खाली बघून हसताहेत. आमच्या कागदावर ती जागा अजून रिकामीच आहे.

गुरुजी, तुम्हाला निरोगी आयुष्य लाभो, आणि वहिनींचा चहा आता तरी गरम प्या. संयोजकांचे, विमलताईंचे आणि एवढा वेळ ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल, बोलणं लांबलं असेल, तर सांभाळून घ्या. पण रविवारी त्या जागेवर माझा ठेका लांबला, तर त्याची माफी मी मागणार नाही. कमलबाई, तुमचा आवाज फुटेपर्यंत मी वाजवत राहीन.