त्यानं ‘बस’ म्हटलं होतं

मूळचे आम्ही मालवणकडचे, पण माझा जन्म लालबागच्या चाळीतला, धाकटा भाऊ विलास पण तिथलाच. बाबा परळच्या गिरणीत होते, ती गिरणी गेली, तिथे काचेची ऑफिसं आली, आणि त्याच ऑफिसांना आम्ही दोघं टेम्पोतून पाण्याचे जार पोचवतो, पोचवत होतो म्हणा. मी चालवायचो, विलास जार उतरवायचा, आणि गल्लीत गाडी रिव्हर्स घ्यायची तर मागे उभा राहून ओरडायचा, आन दे, आन दे, आणि मग बस. काय सांगू तुम्हाला, हा विलास पहिल्यापासून भित्रा, भिंत दोन हात लांब असतानाच बस म्हणणार, आणि मी त्याच्या बसनंतर अजून हातभर घेणार, ही सवयच झालेली.

त्या सकाळी त्याचा पाय घसरला, तो चाकामागे पडून बस म्हणाला, आणि मी हातभर घेतली. हाड वाचलं, पण गुडघ्याखालची कातडी मोज्यासारखी उतरली.

डॉक्टरांनी मेलेलं मांस काढून मशीन लावलं. म्हणजे जखमेत काळा स्पंज, वरून घट्ट चिकटवलेलं प्लास्टिक, त्यातून नळी, ती मशीनच्या डब्यात. जखमेतलं घाण पाणी ते सारखं ओढतं, आणि कुठून हवा शिरली की पीं पीं करतं. डॉक्टर म्हणाले, खाली लाल मांस भरलं तर मांडीची कातडी लावू, जंतू शिरले तर पायाचं सांगता येत नाही. तेव्हापासून मी त्या प्लास्टिकच्या कडा बघत बसतो. सिस्टर म्हणते, काका, तुमच्या बघण्यानंच सुटेल ते.

विलास सगळ्यांना सांगतो, शेजारी ड्रिल चालू होतं, दादाला ऐकू गेलं नसणार. त्याची बायको रेखा माझ्यासाठी पण डबा आणते, म्हणते, भावजी, दोन घास खा, तुमचा काय दोष. आणि मी मान डोलवत खातो. ऐकलं होतं हो मी, स्पष्ट ऐकलं होतं.

काल तिसऱ्यांदा स्पंज बदलला. अर्धी जखम लाल झालीय, वरची बाजू अजून पिवळट. दुपारी रेखा खाली औषधं आणायला गेली तेव्हा मी बोलून टाकलं, विलास, मी ऐकलं होतं रे. त्यानं मशीनची नळी चादरीतून मोकळी केली. मग म्हणाला, माहितेय मला, तू माझं कधी ऐकलंस? आता या मशीनचं तरी ऐक, वाजलं की लगेच सिस्टरला बोलव. आणि रेखाला सांगू नको, डबा बंद होईल तुझा.

हसला नाही तो. माफ केलंस का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. परवा पुन्हा जखम उघडतील. देवाला एवढंच म्हणतो, त्याला दोन्ही पायांवर उभा कर, मग धाकटा असला तरी त्यानं माझ्या थोबाडीत मारावी, मी गाल पुढे करीन.