न घासलेला बिल्ला

१९९८ साली कॉव्हेंट्रीत बसच्या रांगेत डोरीनच्या पुढे म्हाताऱ्या मिसेस ट्रँटर आणि पाट्या बनवणारा क्लाइव्ह उभे होते. बंद पडलेल्या मेरिड्यू मोटार कारखान्याच्या भिंतीवर शनिवारी गाडीच्या बिल्ल्यावरचं नाव पुरुषभर उंचीच्या अक्षरांत लागायचं होतं. नमुन्याचा कागद मिसेस ट्रँटरच्या हातात होता.

“ही अक्षरं माझ्या नवऱ्याची नाहीत. किती रोडावलीत!”

“आजीबाई, तुमच्याच गाडीचा बिल्ला मोठा केलाय. केसाएवढाही फरक नाही.”

“तीच तर चूक! चाळीस वर्षं दर रविवारी मी तो घासलाय, बाळा. माझ्या फ्रेडनं बिल्ल्याचा साचा कोरला तेव्हा अक्षरं चांगली गुबगुबीत होती.”

“अहो, सगळं कापून तयार आहे.”

“मग पुन्हा काप. त्याचं नाव कुठेच नाही. निदान अक्षरं तरी त्याची लागू देत.”

“पण मूळची जाडी आता आणू कुठून?”

“डिकीवरच्या बिल्ल्यावरून. तो मी कधीच घासला नाही.”

“का हो?”

“मागून कोण बघतंय!”

क्लाइव्हनं सगळी अक्षरं नव्यानं कापली. पुढे तो स्पेनला राहायला गेला. मिसेस ट्रँटर दोन वर्षांनी वारल्या. डोरीन अजून त्याच थांब्यावर उभी राहते. समोरच्या भिंतीवर मेरिड्यूची अक्षरं आहेत, चांगली गुबगुबीत.