डॉक्टरीणबाईंच्या दारातलं गाऱ्हाणं

(मालवणातल्या एका दवाखान्याची पडवी. हरिश्चंद्र नुकताच तपासणीच्या खोलीतून बाहेर आलाय. बायको शेवंती बाकावर.)

शेवंती : आणि खोकलो? खोकल्याचा सांगलात?

हरिश्चंद्र : तो विषयच निघाक नाय गो.

शेवंती : निघाक नाय? माका हय बाहेर आयकाक येय होतो!

हरिश्चंद्र : डॉक्टरीणीन इचारल्यान, "कसं वाटतंय, काका?" मी म्हटलंय, "एकदम छान."

शेवंती : एकदम छान! नाव हरिश्चंद्र, आणि बोलणा धडधडीत खोटा.

हरिश्चंद्र : काय करू? त्या खुर्चयेर बसलंय की तोंडातसून आपोआप "हो डॉक्टर, बरं डॉक्टर." तिना दंडाक पट्टो आवळल्यान, आणि माझी अक्कल पण तेच्यातच आवळान गेली.

शेवंती : अख्ख्या गावाचा गाऱ्हाणा देवाक घालतास. कोणाची म्हस दूध देणा नाय, कोणाच्या झिलाचा लगीन जमणा नाय, सगळा खणखणीत सांगतास. आणि खोकलो लावणाऱ्या सोताच्या प्रेशराच्या गोळयेचा सांगूक जमाक नाय?

हरिश्चंद्र : देव मधीच काय इचारणा नाय गो. आणि देवळात मागे "होय म्हाराजा" म्हणाक गाव उभो आसता. हय मागे कोण? भिंतीवरचा कॅलेंडर.

शेवंती : जत्रा तोंडार इली. "बा देवा म्हाराजा" म्हणतलात, आणि फुडे खॉ खॉ खॉ. लोक तेकाच "होय म्हाराजा" म्हणतले!

हरिश्चंद्र : तीच धास्ती आसा. काल न्हाणयेत गाऱ्हाणा म्हणान बघितलंय, दम तुटलो. म्हणान मी काय ठरवलंय, जत्रा होयसर गोळीच बंद करतंय. कोणाक कळतला?

शेवंती : तुमच्या बापाशीन पण कोणाक न सांगता बंद केल्यान होती. मगे उजवो हात गेलो, वाचा गेली. इसारलात?

हरिश्चंद्र : ...नाय. इसराक नाय.

शेवंती : मगे उठा.

हरिश्चंद्र : आता? आताच तर "एकदम छान" म्हटलंय! काय म्हणात ती?

शेवंती : म्हणांदे. चला, मी येतंय वांगडा. (दोघं परत तपासणीच्या खोलीत जातात.)

डॉ. अक्षया : या काका. परत आलात? काही राहिलं का?

हरिश्चंद्र : नाही, नाही... छत्री राहिली.

शेवंती : छत्री माझ्या हातात आसा.

डॉ. अक्षया : बसा. बोला ना.

हरिश्चंद्र : म्हणजे, आमच्या हिला वाटतं की मला खोकला आहे.

शेवंती : माका वाटता!

हरिश्चंद्र : गप गो. डॉक्टर, मालवणीत बोललंय तर चलात?

डॉ. अक्षया : बोला. मला कळतं.

हरिश्चंद्र : बा देवा... माफ करा, सवय. तुमी गेल्या खेपेक प्रेशराची गोळी बदललात. तेच्या आधी माका खोकलो नव्हतो. आता सुको खोकलो, दिवसभर. अडुळसो घेतलंय, आल्याचो काढो घेतलंय, सोलकढी सोडलंय. सोलकढी, डॉक्टर! खोकलो काय गेलो नाय. माका ही गोळी नडता असा वाटता. जुनी बरी होती. ती कित्याक बदललात, तां तुमी सांगूक नाय आणि मी शाण्यान इचारूक नाय. माझ्या घशावर गावाचा काम आसा. दुसरा कायतरी दिया.

डॉ. अक्षया : जुन्या गोळीनं तुमचे पाय सुजत होते, म्हणून बदलली. तेही तुम्ही बोलला नव्हता, मला चपलेचे वळ दिसले.

शेवंती : आयकलात?

डॉ. अक्षया : आणि या गोळीनं काहींना असा कोरडा खोकला येतो. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं, चुकलंच माझं. छाती तपासते, मग दुसऱ्या प्रकारची गोळी बघू. पण मनानं बंद करायची नाही हं.

हरिश्चंद्र : छे छे. तसा कोण करता?

शेवंती : तुमीच!

हरिश्चंद्र : करणार होतंय, डॉक्टर. आणि जत्रेपर्यंत खोकलो जायत?

डॉ. अक्षया : शब्द नाही देत. काही आठवडेही लागतात. अजून काही सांगायचंय?

हरिश्चंद्र : नाही डॉक्टर, बाकी एकदम छा... नाय. माका भय वाटता. माझ्या बापाशीची वाचा प्रेशरान गेली. माझी जाव नये.

शेवंती : होय म्हाराजा.