पायाले कोन सांगणार?

गड्याहो, फुलांची वाडी विकली हे मले समजलं होतं, पायाले समजलं नव्हतं.

कापसाले सोन्याचा भाव आला, अन् अमरावतीच्या परकोटाबाहेर जो तो घर बांधून राहिला होता. माही वाडी एका शेटजीनं घेतली. घर झालं, अंगण झालं, अंगणात शेटजीची खाट आली. कुंपण तेवढं घालायचं राहिलं होतं.

एक दिवस पहाटे मी अर्ध्या झोपीत तिथल्याच विहिरीवर घागर भरली अन् रोजच्या जागी नेऊन ओतली.

शेटजी ओलेचिंब उठले. "माळीबुवा, पागल झाला काय?"

"शेटजी, इथं मोगरा होता."

मले तर वास बी येऊन राहिला होता. कापसाचे पुंजके वाऱ्यावर तरंगत येत होते अन् शेटजीच्या ओल्या मिशीवर बसत होते.

शेटजीनं खाट सरकवली. "इथं झोपू?"

"तिथं शेवंती होती."

आणखी सरकवली. "इथं?"

"गुलाब."

शेटजीले हसू आलं. "अरे बाबा, काईच नव्हतं अशी एखादी जागा दाखव ना!"

म्या निंबाखालचा कोपरा दाखवला.

"तिथं काई नव्हतं, शेटजी. तिथं मी निजत होतो."