बाटल्या गार होत्या

थंडा नको, मला चहाच सांग.

माझा दादा दुधनीला धरणाच्या पाण्यात होडी चालवायचा. बर्फ टिकत नसे, म्हणून गिऱ्हाइकांची बियर पोत्यात बांधून दोरीने खोल सोडायचो. त्या दिवशी घाईत मीच दोरी जास्त सोडली. पोतं बुडालेल्या झाडात अडकलं.

"दादा, जाऊ दे ना."

होडीतला वापीचा शेठ भडकला, "मग काय गरम पिऊ?"

दादा मला म्हणाला, "तुझं निस्तरायला मीच आहे," आणि त्याने उडी मारली.

दोरी सैल झाली. मी ओढली, पोतं वर आलं. दादा आला नाही. मी पाण्याकडे बघून हाका मारत होतो. मागे शेठ बाटली गालाला लावून म्हणाला, "वा! एकदम गार!"