शिशाचं की बिनशिशाचं?

...आता तुम्हीच सांगा, माणसाने पेट्रोल भरायला जावं आणि रिकामी टाकी घेऊन घरी यावं, ही काय तऱ्हा झाली? पण आमचे मेहुणे स्तामातिस, तुम्हाला सांगतो, हमखास तसेच यायचे! गाडी त्यांच्या लग्नातली, ग्रीसमधला आमचा पेलिओनचा डोंगर धापा टाकत का होईना चढणारी. पंपावर नळ्या दोन, एक शिसं मिसळलेल्या पेट्रोलची, एक बिनशिशाची, आणि पंपवाला थ्रासोस मानेनेच विचारणार, शिशाचं की बिनशिशाचं?

शिशाचं भरावं, तर लेक उरानिया, दिवस गेलेले तिला, खिडकीतूनच बजावायची, बाबा, तो शिशाचा विषारी धूर माझ्या बाळाला नको, गाडी खाली चौकात लावा नि चालत या... की हे निघाले गुडघे धरून! बिनशिशाचं भरावं, तर मिस्त्री म्हणणार, जुनं इंजिन हे, आतल्या झडपा, म्हणजे वाल्व, जिथे टेकतात त्या बैठका मऊ, शिसं मिळालं नाही की झिजल्याच म्हणून समजा. म्हणजे इकडे नातवंड, तिकडे इंजिन! निम्मं-निम्मं भरू का, हेही विचारून झालं. थ्रासोस म्हणाला, निम्मं शिसं म्हणजेसुद्धा शिसंच. मग? शिशाचं की बिनशिशाचं?

आणि अशात एका सकाळी उरानियाला कळा सुरू झाल्या, जावई तिकडे बोटीवर, इस्पितळ पार खाली व्होलोस शहरात, आणि टाकीत जेमतेम पंपापर्यंत पोचण्यापुरतं! मागच्या सीटवर लेक दात आवळून बसलेली, पुढे हे घामाघूम, आणि थ्रासोस... सवय हो, दुसरं काय... विचारतोच आहे, शिशाचं की बिनशिशाचं?

मेहुण्यांनी आरशात लेकीकडे पाहिलं. "बिनशिशाचं," म्हणाले.

"इंजिन जाईल हो काका."

"जाऊ दे. भर."

गाडी उतारावरून सुसाट गेली, मुलगी झाली, दोघी सुखरूप. इंजिनाने मात्र तो उन्हाळा कसाबसा काढला आणि चर्चच्या चढावर मान टाकली. मिस्त्री आला, शिसं न लागणाऱ्या टणक बैठका बसवून गेला, आणि मेहुणे सुटले, कायमचं बिनशिशाचं!

सुटले कसले? नात अंथरुणावर डोळा मिटेल तर शपथ. तिला झोप फक्त चालत्या गाडीत. गाडी थांबली की भोकाड. ऐन दुपारी, अख्खं गाव घोरत असताना, हे आपले तिला घेऊन गावाभोवती घिरट्या घालताहेत... न राहवून मी म्हटलं, अहो, पेट्रोल किती जाळाल?

गाडी न थांबवताच म्हणाले, "पेट्रोलचं सोड रे. माझी झोप जळतेय, तिचं बोल."